आलँ रेनेचा ‘तुम्ही अजून काहीच पाहिलं नाही’ पहिल्यांदा बघणाऱ्यांसाठी: आधी काय तयारी करायची आणि मग कसा बघायचा

हौशी नाटकवाल्यांना, म्हणजे राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमींत ज्यांच्या कित्येक संध्याकाळी गेल्यात अशा लोकांना, परदेशी सिनेमा सुचवायचा झाला तर मी नेहमी हाच सुचवतो. २०१२ सालचा फ्रेंच सिनेमा, दिग्दर्शक आलँ रेने, इंग्रजीत तो ‘यू एंट सीन नथिंग येट’ या नावाने सापडतो. आणि सुचवला की काही दिवसांनी हमखास फोन येतो, अरे काही कळलंच नाही, तोच सीन परत परत का लागतोय, साठीच्या बाईशी सगळे वीस वर्षांची पोरगी असल्यासारखे का बोलतायत, आम्ही अर्ध्यात बंद केला. मला खरंच वाईट वाटतं, कारण नट, नाटक आणि आठवण या तीन गोष्टींवर इतक्या मायेने केलेला दुसरा सिनेमा मला माहीत नाही, आणि लोक जिथे गळतात ते सगळं थोड्या तयारीने सहज टाळता येतं. म्हणून हे लिहितोय. शेवट फोडणार नाही, निर्धास्त वाचा.

आधी थोडी पार्श्वभूमी. रेनेचा जन्म ३ जून १९२२ चा, फ्रान्सच्या ब्रिटनी भागातल्या व्हान गावचा. त्याला दिग्दर्शक व्हायच्या आधी नट व्हायचं होतं, पॅरिसच्या कूर सिमाँ या अभिनयाच्या शाळेत तो शिकला, मग एडिटिंगकडे वळला. १९५९ चा ‘हिरोशिमा मॉन आमूर’ आणि १९६१ चा ‘लास्ट इयर ॲट मारिएनबाद’ यांनी त्याचं नाव जगभर झालं. हा सिनेमा मे २०१२ मध्ये कान महोत्सवाच्या स्पर्धेत दाखवला तेव्हा तो नव्वदीला टेकला होता. म्हाताऱ्या दिग्दर्शकाचा निरोपाचा सिनेमा म्हणून बरेच लोक याच्याकडे बघतात, पण त्यानंतरही त्याने अजून एक सिनेमा पूर्ण केला, तो फेब्रुवारी २०१४ मध्ये बर्लिनला दाखवला गेला आणि १ मार्च २०१४ ला रेने वारला.

गोष्टीची सुरुवात एवढीच: आंत्वान द’आंताक नावाचा नाटककार वारलाय. ज्या नटांनी वेगवेगळ्या काळात त्याच्या ‘युरिडिसी’ नाटकात कामं केली त्यांना एकेक करून फोन जातो आणि त्याच्या डोंगरातल्या घरी बोलावलं जातं. तिथे मेलेला आंत्वान पडद्यावरून त्यांच्याशी बोलतो. म्हणतो, एका तरुण ग्रुपने हे नाटक बसवायची परवानगी मागितलीय, त्यांच्या तालमीचं रेकॉर्डिंग बघा आणि त्यांना परवानगी द्यावी की नाही ते तुम्ही ठरवा. मंडळी बघायला बसतात. आणि बघता बघता स्वतःच नाटक करायला लागतात.

लागणारं सामान

- इंग्रजी सबटायटल असलेली चांगली कॉपी (मराठी सबटायटल माझ्या तरी बघण्यात नाहीत)
- टीव्ही किंवा प्रोजेक्टर, मोबाईल नको
- सलग दोन तास, सिनेमा ११५ मिनिटांचा आहे
- बरे स्पीकर किंवा हेडफोन
- नावांची एक चिठ्ठी (पायरी ३ मध्ये दिलीय, तशीच उतरवून घ्या)
- जमल्यास नाटकाची संहिता, नसली तरी चालेल

पायरी १: कॉपी मिळवा आणि सबटायटल आधीच तपासा

ओटीटीवर असे सिनेमे येतात आणि जातात त्यामुळे मी इथे प्लॅटफॉर्मचं नाव सांगत नाही, जस्टवॉचसारख्या साईटवर सिनेमाचं नाव टाका आणि देश भारत निवडा, आज कुठे आहे ते कळेल. आलियाँस फ्राँसेझ मुंबईत आहे, पुण्यातही आहे, तिथे फ्रेंच सिनेमे दाखवतात, जवळ राहत असाल तर चौकशी करा.

डिस्क बाहेरून मागवणार असाल तर पहिला सापळा इथेच आहे. डिस्कवर रीजन कोड असतो, दुसऱ्या रीजनच्या प्लेयरवर ती चालत नाही. डीव्हीडीला आपल्याकडचा रीजन ५, फ्रान्स आणि इंग्लंडचा २, अमेरिकेचा १. ब्लू-रेमध्ये आपण सी, युरोप बी, अमेरिका ए. ऑल-रीजन प्लेयर नसेल तर डिस्क घरी येऊन नुसती पडून राहील. अमेरिकेत हा सिनेमा किनो लॉर्बर या वितरण कंपनीने आणला होता. फ्रान्समध्ये विकायला काढलेल्या डिस्कवर इंग्रजी सबटायटल असतातच असं नाही, त्यामुळे पैसे भरायच्या आधी कव्हरच्या मागची भाषांची यादी नीट वाचा.

सबटायटल तपासायला सिनेमाच्या मधला कुठलाही पाच मिनिटांचा तुकडा लावा, जिथे दोन-तीन लोक बोलतायत असा. ओळ आणि ओठ यांच्यात सेकंदभराचा जरी फरक असेल तरी ती फाईल घेऊ नका. दुसऱ्या एखाद्या सिनेमात एवढं खपून जातं पण इथे एकाने सुरू केलेली ओळ दुसरा संपवतो, सबटायटल मागेपुढे झालं तर कोण काय म्हणालं याचा पार गोंधळ होतो आणि सगळी गंमत तिथेच संपते.

टीव्हीच्या सेटिंगमध्ये झूम बंद करा. सिनेमा लांबट फ्रेमचा आहे, वरखाली काळ्या पट्ट्या राहणारच, त्या घालवायला गेलात तर कडेला उभी असलेली माणसं कापली जातील. आणि इथे कडेला उभं राहून नुसतं ऐकणारा माणूस बोलणाऱ्याइतकाच महत्त्वाचा आहे.

पायरी २: आतलं नाटक आधी समजून घ्या

ही पायरी टाळू नका. सिनेमातले सगळे नट हे नाटक कोळून प्यायलेत आणि तुम्हाला त्यातलं काहीच माहीत नाही, अशाने तुम्ही त्या खोलीत परके राहता. आणि यात रहस्य फुटत नाही, कारण ऑर्फियसची गोष्ट तिथल्या प्रेक्षकाला लहानपणापासून ठाऊक असते.

मूळ ग्रीक कथा अशी. ऑर्फियस हा थोर गायक-वादक, त्याची बायको युरिडिसी साप चावून मरते, तो तिला आणायला पाताळात जातो, त्याच्या संगीताने तिथला राजा विरघळतो आणि तिला सोडतो पण एका अटीवर, वर पोचेपर्यंत मागे वळून तिच्याकडे बघायचं नाही. तो बघतो. ती कायमची जाते.

यावर जाँ अनुई या फ्रेंच नाटककाराने १९४१ मध्ये ‘युरिडिसी’ लिहिलं, पॅरिस जर्मनांच्या ताब्यात होतं तेव्हा. हा अनुई आपल्याला अगदीच अनोळखी नाही, त्याचं ‘बेकेट’ कुसुमाग्रजांनी मराठीत आणलंय. आपल्या उदास नाटकांना तो स्वतःच ‘काळी नाटकं’ म्हणायचा आणि ‘युरिडिसी’ त्यातलंच. सिनेमातला मेलेला नाटककार काल्पनिक आहे पण त्याच्या नावावर जे नाटक आहे ते हे अनुईचं. आणि मित्रांना घरी बोलावून घेणाऱ्या मेलेल्या नाटककाराची कल्पनाही अनुईच्याच ‘शेर आंत्वान’ या १९६९ च्या नाटकातली आहे, म्हणजे दोन नाटकं एकमेकांत गुंफलीत.

अनुईच्या नाटकात ऑर्फियस म्हणजे बापाबरोबर गावोगाव फिरून व्हायोलिन वाजवणारा गरीब तरुण. युरिडिसी एका फिरत्या नाटक कंपनीतली नटी, आई त्याच कंपनीत, आईचा प्रियकरही तिथलाच. दोघं रेल्वे स्टेशनच्या कॅफेत भेटतात आणि पहिल्याच भेटीत प्रेमात पडतात. तिच्यावर जीव लावून बसलेला माथियास नावाचा नट गाडीखाली उडी घेतो. मग दोघं पळून जाऊन मार्सेच्या एका हॉटेलात खोली घेतात. तिथून युरिडिसी त्याला न सांगता निघून जाते आणि तिची बस अपघातात सापडते. मग मिस्यू आँरी नावाचा एक गूढ माणूस, तो मृत्यूच्या बाजूचा आहे एवढं लक्षात ठेवा, तिला परत आणून देतो. अट तीच, सकाळ होईपर्यंत तिच्या चेहऱ्याकडे बघायचं नाही. आणि इथे अनुईने जे केलंय ते मला मूळ कथेपेक्षाही जास्त लागतं: हा ऑर्फियस चुकून मागे बघत नाही, ती खरं बोलतेय की नाही हे त्याला तिच्या डोळ्यांत बघून तपासायचं असतं, तिच्या आधीच्या आयुष्यात दुलाक नावाच्या मॅनेजरबरोबर काय होतं हे जाणून घेतल्याशिवाय त्याला राहवत नाही. संशयापायी तो तिला दुसऱ्यांदा गमावतो.

संहिता वाचायची असेल तर इथेही एक घोटाळा आहे. ‘युरिडिसी’ या नावाने इंग्रजी पुस्तक शोधलंत तर बऱ्याचदा सारा रूल या अमेरिकन लेखिकेचं याच नावाचं नाटक समोर येतं, ते वेगळं. अनुईचं नाटक इंग्रजीत ‘पॉइंट ऑफ डिपार्चर’ या नावाने आहे, अमेरिकेत तेच ‘लेजंड ऑफ लव्हर्स’ म्हणून आलं. लेखकाचं नाव बघूनच विकत घ्या.

पायरी ३: नावांची चिठ्ठी करा

फोन येणारे नट तेरा आहेत आणि ते सगळे स्वतःच्याच नावाने वावरतात, म्हणजे पिएर आर्दिती हा सिनेमात पिएर आर्दितीच आहे. फ्रेंच प्रेक्षकाला हे चेहरे घरचे, आपल्याला नवे. त्यामुळे तेराच्या तेरा पाठ करत बसू नका, एवढे पुरेत:

- पहिली जोडी: साबीन आझेमा (युरिडिसी) आणि पिएर आर्दिती (ऑर्फियस). तेव्हा दोघंही साठी ओलांडलेले.
- दुसरी जोडी: आन कॉन्सिनी (युरिडिसी) आणि लाँबेर विल्सन (ऑर्फियस). पन्नाशीच्या आसपासचे.
- तिसरी जोडी, फक्त रेकॉर्डिंगमध्ये: विमला पोन्स आणि सिल्व्हँ दिएद. खरोखरचे तरुण. (विमलाचा जन्म केरळातला.)
- मिशेल पिकोली: ऑर्फियसचा बाप. तेव्हा वय ८६.
- आनी द्युपेरे: युरिडिसीची आई.
- माथ्यू आमालरिक: मिस्यू आँरी.
- इपोलीत जिरार्दो: दुलाक.
- देनी पोदालिदेस: नाटककार आंत्वान.

आझेमाचे लालसर केस आणि विल्सनचा उंच बांधा, या दोन खुणा धरल्या तरी जोड्या ओळखता येतात.

चिठ्ठीच्या मागच्या बाजूला अजून एक गोष्ट लिहून ठेवा, ती सिनेमा बघताना नाही पण नंतर फार उपयोगी पडते. या नटांचं रेनेशी नातं जुनं आहे. पिकोलीने त्याच्याबरोबर १९६६ मध्ये काम केलं होतं, द्युपेरेने १९७४ मध्ये, आर्दिती १९८० पासून आणि आझेमा १९८३ पासून त्याच्या सिनेमांत आहेत आणि आझेमा तर त्याची बायको. म्हणजे एका म्हाताऱ्या लेखकाने आयुष्यभराच्या नटांना शेवटचं घरी बोलावलं ही जी गोष्ट पडद्यावर चाललीय तीच कॅमेऱ्याच्या मागेही चाललेली आहे, आणि हे एकदा डोक्यात आलं की कॅमेरा या चेहऱ्यांवर इतका का रेंगाळतो ते वेगळं सांगावं लागत नाही.

पायरी ४: सुरुवातीचे फोन पळवू नका

सिनेमा फोनने सुरू होतो. एका नटाला फोन, बातमी, निमंत्रण. मग दुसऱ्याला, तीच वाक्यं. मग तिसऱ्याला. इथे लोक रिमोट हातात घेतात आणि फॉरवर्ड करतात. करू नका. तेच वाक्य वेगवेगळ्या माणसांच्या कानावर पडलं की काय होतं याची ही पहिली तालीम आहे, दिग्दर्शक तुमचा कान तयार करतोय आणि पुढचा सगळा सिनेमा याच कानाने ऐकायचाय. शिवाय प्रत्येकाचं नाव इथे मोठ्याने घेतलं जातं, तेव्हा चिठ्ठी हातात धरा आणि टिक करत जा.

याच सुरुवातीच्या भागात एक पाटी येते, पूल ओलांडल्यावर भुतं त्यांना भेटायला आली, अशा अर्थाची. ती मुर्नाऊ या जर्मन दिग्दर्शकाच्या ‘नोस्फेरातू’ या भयपटातली, मूकपटाच्या काळातली आहे. तो मूकपट १९२२ चा, रेनेच्या जन्माच्या सालचा. ती पाटी आली की समजा, आता जे घर दिसणार आहे तिथे मेलेले आणि जिवंत यांच्यात फारशी भिंत नाही.

पायरी ५: घरात शिरल्यावर चेहरा सोडा, ओळ पकडा

हा सगळ्या सिनेमाचा गाभा, म्हणून इथे सावकाश सांगतो.

मंडळी सोफ्यांवर बसलीत. समोर पडद्यावर तरुण पोरांची तालीम, एका गोदामासारख्या जागेत, रोजच्या कपड्यांत. हे रेकॉर्डिंग रेनेने स्वतः केलेलं नाही, ते ब्रुनो पोदालिदेसकडे, म्हणजे आंत्वान झालेल्या देनीच्या भावाकडे सोपवलं आणि त्याला हवं तसं करायची मोकळीक दिली. त्यामुळे दोन वेगळ्या हातांनी, वेगळ्या वयाच्या माणसांनी केलेलं एकच नाटक आपण शेजारी शेजारी बघतो, आणि तो फरक डोळ्याला लगेच जाणवतो.

पडद्यावरची पोरं बोलतायत आणि खोलीतला एखादा नट हळूच ओठ हलवतो. मग ओळ पुटपुटतो. मग शेजारचा त्या ओळीला उत्तर देतो. कुणी ठरवलेलं नाही, कुणी कुणाला सांगितलेलं नाही. गणपतीत शेजारच्या मंडपात आरती सुरू झाली की घरात भाजी निवडणाऱ्या माणसाचेही ओठ हलायला लागतात, अगदी तसं. ज्यांनी एखादी भूमिका वर्षानुवर्षं केलीय त्यांना हे सांगायला नको, पाठांतर डोक्यात नसतं, ते जिभेवर आणि अंगात असतं, समोरच्याने क्यू दिला की तोंडातून आपलं वाक्य निघतंच. रेनेने हे बरोबर पकडलंय. आठवण म्हणजे मागचा एखादा प्रसंग धूसर करून दाखवणं, ही सिनेमाची नेहमीची युक्ती त्याने इथे जवळ केलेली नाही. इथे आठवण बोलते, श्वास घेते, आणि बघता बघता खुर्चीतून उठून चालायला लागते.

मग खोली बदलायला लागते. भिंती जातात, स्टेशनचा कॅफे येतो, मागून गाडी जाते. लोक इथे विचारतात, हे खरंच घडतंय का त्यांच्या मनात? हा प्रश्न बाजूला ठेवा. नाटकात रिकाम्या रंगमंचावर एखादा म्हणाला ही नदी, की आपण नदी मानतो ना? तेवढंच इथेही मानायचं.

आता तो गोंधळाचा मुद्दा, दोन जोड्या. एका प्रसंगात आझेमा आणि आर्दिती बोलत असतात आणि पुढे कॉन्सिनी आणि विल्सन. कधी तोच प्रसंग एका जोडीने केला की दुसरी जोडी परत करते. कधी पडद्याचेच भाग होतात. ‘आता युरिडिसी नक्की कोण’ असा हिशोब ठेवायला गेलात तर दमाल. युरिडिसी एकच आहे आणि ती ओळींत आहे. बाया बदलतात, ओळ पुढे जात राहते. मी लोकांना एवढंच सांगतो की चेहरा बदलला की दचकू नका, ओळ कुठपर्यंत आली ते बघा. हे एकदा जमलं की दहा मिनिटांत वयाचा प्रश्नही सुटतो, साठीतली आझेमा पहिल्या प्रेमाचं वाक्य बोलते तेव्हा तिच्या तोंडी ते खोटं वाटत नाही, उलट त्या वाक्यात चाळीस वर्षांचं ओझं येतं जे तरुण विमलाच्या तोंडी अजून आलेलं नाही. आणि विमलाच्या तोंडी जी घाई आहे ती आझेमाला आता आणता येणार नाही. दोन्ही खरं. तीन वयांच्या जोड्या घेण्याचं कारण मला तरी इथेच सापडतं.

पायरी ६: हॉटेलच्या खोलीतला प्रसंग नीट बघा

सगळं एकाग्र होऊन बघता आलं नाही तरी एवढा भाग तरी बघाच. मार्सेची ती साधीशी खोली, पलंग, पहिली रात्र संपलेली. बोलता बोलता युरिडिसीच्या मनात शंका येते, की माणूस आयुष्यात जे काही बघतो, ऐकतो, ज्यांना भेटतो, ते सगळं त्याच्यात राहतं का. चांगलं राहतं तसं घाणेरडंही राहतं का. ऑर्फियस तरुण आहे, त्याला हा तिचा आवडता विषय वगैरे वाटतो, पण ती घाबरलीय, कारण तिच्या मागे दुलाक आहे, कंपनीतले बाकीचे आहेत, आणि हे सगळं घेऊन ती या खोलीत आलीय.

आता हेच बोलणं नटाच्या तोंडी ऐका. नटाच्या अंगात त्याने केलेली प्रत्येक भूमिका राहिलेली असते, प्रत्येक जुना सहकलाकार राहिलेला असतो. अनुईने हे एका घाबरलेल्या मुलीसाठी लिहिलं आणि सत्तर वर्षांनी रेनेने ते अशा नटांच्या तोंडी दिलं की प्रत्येक वाक्य दोन ठिकाणी लागतं. कॉन्सिनी बोलते तेव्हा तिचा आवाज खाली खाली जातो, आझेमाचा थरथरतो, आणि याच जागी मला हा सिनेमा कळला असं वाटलं. तुम्हाला दुसरी एखादी जागा सापडेल, पण इथे रिवाइंड करून परत बघा असं मी आग्रहाने सांगतो.

यानंतर आमालरिक येतो. खोलीतल्या मंडळींत मिस्यू आँरीचं काम तो एकटाच करतो, आवाज न चढवता, मैत्रीच्या सुरात. मृत्यूबद्दल तो जे बोलतो ते इतकं मऊ आणि पटण्यासारखं आहे की भीती वाटते. पिकोलीचा बाप याच्या अगदी उलट, खाण्यापिण्याच्या, सुखाने जगण्याच्या गप्पा मारणारा, सगळ्याशी तडजोड केलेला म्हातारा. मुलाला तो क्षुद्र वाटतो. मला नाही वाटत. ८६ वर्षांचा पिकोली ती वाक्यं बोलतो तेव्हा जगण्याची बाजू सिनेमात तो एकटाच धरून बसलाय असं वाटतं.

पायरी ७: नेपथ्य आणि संगीत यांवर एक नजर

यावर फार वेळ घालवायची गरज नाही पण नाटकवाल्यांनी दोन गोष्टी बघाव्यात. नेपथ्य जाक सोल्निए यांचं, हे रेनेबरोबर ‘मारिएनबाद’पासूनचे, आणि कॉम्प्युटरने केलेली दृश्यं ते मुद्दाम खरी वाटू देत नाहीत, रंगवलेल्या पडद्यासारखी ठेवतात. कॅमेरा एरिक गोतिएचा. संगीत मार्क स्नोचं, ‘द एक्स-फाइल्स’ मालिकेचं संगीत देणारा तोच, त्यामुळे प्रेमाच्या प्रसंगाखालीही काहीतरी अशुभ सरकत असतं.

पायरी ८: नाटक संपलं म्हणून उठू नका

‘युरिडिसी’ संपतं तेव्हा सिनेमा संपलाय असं वाटतं. संपलेला नाही. त्यानंतर गोष्ट वळते, आणि एकदाच वळत नाही. काय होतं ते सांगत नाही. एवढंच लक्षात ठेवा की सुरुवातीला आंत्वानने नटांना एक प्रश्न दिला होता, या तरुण पोरांना नाटक करू द्यायचं का, आणि त्या प्रश्नाचं उत्तर या शेवटच्या भागात आहे. अगदी शेवटी फ्रँक सिनात्रा या अमेरिकन गायकाचं एक गाणं येतं, गेलेल्या वर्षांबद्दलचं. श्रेयनामावली सुरू झाली की टीव्ही बंद करायची सवय असेल तर आज मोडा.

आणि सिनेमाच्या आधी विकिपीडियावरचं कथानक वाचू नका, तिथे हे सगळं आहे.

पायरी ९: यानंतर काय बघायचं

बरेच जण रेनेची सुरुवात ‘मारिएनबाद’पासून करतात कारण यादीत तो वर असतो. नव्या माणसाने तसं करू नये असं माझं स्पष्ट मत आहे, तो थंड आणि अवघड सिनेमा आहे, नंतर बघा. नाटकाची आवड असेल तर हा क्रम धरा:

- ‘मेलो’ (१९८६): आँरी बर्नस्टीनच्या नाटकावरून. आझेमा आणि आर्दिती तरुणपणी. दोघांनाही यासाठी सेझार, म्हणजे फ्रान्सचे मानाचे सिनेपुरस्कार मिळाले. ‘तुम्ही अजून…’ नंतर लगेच हा बघितलात तर तेच दोन आवाज पंचवीसेक वर्षं मागे जाऊन ऐकू येतात.
- ‘स्मोकिंग’ आणि ‘नो स्मोकिंग’ (१९९३): इंग्रज नाटककार ॲलन एकबर्नच्या नाटकांवरून, दोन सिनेमे, सगळ्या भूमिका आझेमा आणि आर्दितीच करतात.
- ‘हिरोशिमा मॉन आमूर’ (१९५९): आठवणीवरचाच, पण नाटकाची चौकट नाही. एव्हाना रेनेचा हात ओळखीचा झालेला असेल.

पायरी १०: ग्रुपने बघणार असाल तर

नाटकाच्या ग्रुपबरोबर बघायचा असेल तर सगळ्यात उत्तम, पण आयोजन करणाऱ्याने थोडी मेहनत घ्यायची. सुरू करण्याआधी पायरी २ मधली गोष्ट पाच मिनिटांत तोंडी सांगा, चिठ्ठीच्या झेरॉक्स वाटा. मध्यंतर घेऊ नका, त्या खोलीतली तंद्री एकदा मोडली की परत लागत नाही, चहा आधी किंवा नंतर. ग्रुपमध्ये वेगवेगळ्या वयाची माणसं असतील तर नंतर हे करून बघा: तुमच्या ग्रुपने पूर्वी केलेलं एखादं नाटक घ्या, त्यातला दोघांचा एक छोटा प्रवेश, आणि तो आधी ग्रुपमधल्या सगळ्यात लहान दोघांना वाचायला द्या, मग ज्यांनी तो मूळ प्रयोगात केला होता त्यांना संहिता न देता म्हणायला सांगा. ओळी विसरतील, अडखळतील, काही जागा बरोबर येतील. त्यांना प्रॉम्प्ट करायचं काम त्या लहान दोघांकडेच द्या.